अनुभव धागा: आईची वही आणि बीबीसी टू

काल लॉफ्ट आवरत होते. छतातून पाणी झिरपतंय म्हणून सगळी खोकी खाली काढली, तर एकात आईची शंभरपानी वही निघाली.

आई १९९७ च्या ऑक्टोबरात सहा महिन्यांच्या व्हिसावर इंग्लंडात लेस्टरला आमच्याकडे आली होती. आम्ही दोघं साडेसातला बाहेर पडायचो ते सहाला परत. बाहेर चारलाच अंधार. घरात साधे पाच चॅनल, त्यातला बीबीसी टू तिने का धरला देव जाणे. तर वहीच्या मागच्या पानांवर तिने रोजचं काय काय लिहून ठेवलंय, वाण्याच्या हिशोबासारखं. एक पान जसंच्या तसं देते:

१० – चार बाहुल्या. पोटात टीव्ही.
१२.३० – दुपारचं जेवण. (जेवण नाही. पैशाचं आहे.)
नंतर – जुना सिनेमा, घोडे. डुलकी.
४.३० – वीस मिनिटांत स्वयंपाक.
६ – पिवळी माणसं.
रात्री – दोन मजली परीक्षा.
१०.३० – परीक्षेतला मास्तर आता मंत्र्यांना धरतो.

इथल्या जुन्या लोकांना सगळं ओळखू आलं असेलच (टेलिटबीज, वर्किंग लंच, सिम्पसन्स वगैरे). सांगायचंय ते साडेचारचं. 'रेडी स्टेडी कुक'. त्या ओळीखाली दोन रेघा. मी ऑफिसात चहाच्या सुट्टीत रोज साडेचारला घरी फोन करायचे. "हो. बरी आहे. जेवले. ठेव." बस्स. मला वाटायचं रुसलीय, करमत नाहीये. नवऱ्याशी त्यावरून भांडलेसुद्धा, तू तिच्याशी धड बोलत नाहीस म्हणून. आणि काल वाचते तर त्या ओळीपुढे बारीक अक्षरात: "हिचा फोन नेमका."

आई जाऊन अकरा वर्षं झाली. तुमच्याकडे कोण काय बघायचं, लिहा.

क्रॉयडनकर
हिचा फोन नेमका!! बसमध्ये एकटीच हसतेय, लोक बघतायत.
अगं माझ्या सासूबाईही त्याच वेड्या. दोन शेफ, पाच पौंडांची पिशवी, वीस मिनिटं, शेवटी प्रेक्षक लाल टोमॅटो नाहीतर हिरव्या ढोबळीचा पुठ्ठा वर करायचे ना? सासूबाई खरा टोमॅटो घेऊन बसायच्या. त्यांचा शेफ हरला की त्याच टोमॅटोचं सार.

मीठमिरची
दोन मजली परीक्षा 😀 युनिव्हर्सिटी चॅलेंज, कॉलेजच्या पोरांची प्रश्नमंजुषा! मलाही कित्येक वर्षं वाटायचं की पोरांना खरंच माडीवर बसवतात. शेजारीशेजारीच बसतात हो ती, पडदा मधोमध आडवा कापून दाखवतात.

निवृत्त_डॉक्टर
मी १९७४ ला बोल्टनला आलो. भाड्याच्या खोलीत टीव्ही होता, पण त्याला नाणं टाकायचा मीटर. सिनेमातला खुनी सापडणार एवढ्यात खट्ट. मग शेजारच्या आयरिश माणसाकडे सुट्टे मागायला जायचं, तोही त्याच सिनेमात अडकलेला, तो कुठले देतो.
रविवारी सकाळी बीबीसी वनवर 'नई ज़िंदगी नया जीवन' लागायचा, महेंद्र कौल असायचे. सगळं हिंदी-उर्दू, मराठीचा शब्द नाही. तरी साडीतली बाई आणि सतार ऐकू आली की रात्रपाळी करून आलेली माणसंही झोपायची नाहीत.
आणि स्नूकर. हा खेळ टीव्हीवर वाढला तो रंगीत टीव्हीमुळे, बीबीसी टूने १९६९ ला 'पॉट ब्लॅक' काढला तो रंग दाखवायला. आमचा संच काळा-पांढरा. सगळे चेंडू करड्या रंगाचे. समालोचक बोलला तर कळायचं, आणि तो फार बोलायचा नाही.

लायसन्सवाला
काळा-पांढरा अजून चालू असेल तर सांगा काका. इथे टीव्ही बघायला वर्षाचं लायसन्स लागतं ना, रंगीतचं २०२५ ला १७४.५० पौंड झालं, काळ्या-पांढऱ्याचं ५८.५०. करड्या चेंडूंना माझी हरकत नाही.

निवृत्त_डॉक्टर
संच १९८१ ला गेला. तुम्ही उशीर केलात.

फक्त_वाचक
आजोबा सीफॅक्सवर (बीबीसीची टीव्हीवर वाचायची पानं) क्रिकेट 'बघायचे'. हो, बघायचे. पान ३४०. काळ्या पडद्यावर आकडे, बाकी काही नाही. एप्रिल ९८, शारजा. मी शाळेतून धावत आलो तर आजोबा उभे, बसायला तयार नाहीत, जागा बदलली तर सचिन आउट होईल म्हणून. पान बदलेपर्यंत श्वास बंद. १४३ मी अक्षरशः वाचले आहेत. त्यातला एक फटका बघायला मिळाला तो पुढे किती वर्षांनी, कॉम्प्युटरवर. वाळूचं वादळ झालं होतं हेही तेव्हाच कळलं, आकड्यांत वादळ कुठलं दिसतंय.
सीफॅक्स २०१२ च्या ऑक्टोबरात बंद झालं. आजोबा त्याआधीच गेले, बरंच झालं.

मीठमिरची
शारजाचं काढू नका, कामं पडलीत.

वेम्बलीची_पोर
महाभारत कसं विसरलात सगळे?? १९९०, बी. आर. चोप्रांचं, बीबीसी टूवर, खाली इंग्रजी सबटायटल्स. मी नऊ वर्षांची. शेजारच्या म्हाताऱ्या इंग्लिश बाई आमच्यापेक्षा जास्त गुंतल्या होत्या. कुंपणावरून आईला विचारायच्या, "तो मोठा भाऊ जुगार खेळायचं कधी सोडणार?" आई म्हणाली, सोडला असता तर गोष्ट पहिल्याच महिन्यात संपली असती.
आणि ९८ ला 'गुडनेस ग्रेशस मी' ही विनोदी मालिका आली. इथले गोरे 'इंडियन खायला' जातात त्याच्या उलट, मुंबईतली टोळी 'इंग्लिश खायला' जाते आणि सगळ्यात मिळमिळीत काय आहे विचारते, ते. दुसऱ्या दिवशी वर्गात गोरी मुलंच ते करून दाखवत होती. तोवर आमच्या डब्याच्या वासावरून बोलणारी हीच. हसू पण आलं आणि रागही. आजीला मात्र त्यात विनोद काय तेच कळेना. "मिळमिळीतच तर असतं इथलं."

पुणे_३०
लंडन बघितलेलं नाही, पण आईच्या वहीवरून 'साप्ताहिकी' आठवली. आमच्याकडे वडील दूरदर्शनचा आठवडा असाच लिहून घ्यायचे. बाकी चालू द्या.

जुनी_माहिती
बीबीसी टूचं उद्घाटनच लोडशेडिंगमध्ये झालं, माहीत आहे का? २० एप्रिल १९६४. बॅटरसी वीज केंद्रात बिघाड, अर्धं लंडन अंधारात, समारंभ रद्द. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चॅनल सुरू झाला तो लहान मुलांच्या 'प्ले स्कूल'ने. आमच्या बीडच्या मामांना सांगितलं तर म्हणाले, एकच दिवस? चांगलंय की.

मीठमिरची
बीडच्या मामांना नमस्कार सांगा.

नाईटशिफ्ट
पहाटेची ओपन युनिव्हर्सिटी राहिली, बीबीसी टूवरचे दूरशिक्षणाचे तास. दाढी, रुंद टाय, फळ्यावर कॅल्क्युलस. मी हॉस्पिटलात नर्स, घरी आले की बाळाला दूध पाजताना तेवढंच चालू असायचं. बाळ आता गणितात पीएचडी वगैरे नाहीये, प्लंबर आहे. माझ्यापेक्षा जास्त कमावतो.

क्रॉयडनकर
प्लंबर!! कुठे असतो? मूळ धाग्यातल्या ताईंचं छत गळतंय बघ.

नाईटशिफ्ट
कोव्हेंट्री. पण छताचं काम प्लंबर नाही करत गं, रूफर बोलवावा लागतो.

लेस्टरवाली (मूळ लेखिका)
रूफर उद्या येतोय, आधी चहा पिईल मग बघेल.
किती लिहिलंत सगळ्यांनी! 'परीक्षेतला मास्तर' म्हणजे जेरेमी पॅक्समन, कोणीतरी मेसेज करून विचारलं. संध्याकाळी तो पोरांना "चला, लवकर" करायचा आणि रात्री न्यूजनाइट या बातम्यांच्या कार्यक्रमात मंत्र्यांना. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्डला एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला होता, आई त्यानंतर आली. तिला ते सांगितलं तेव्हा म्हणाली, "बाराव्यांदा तरी उत्तर दिलं का?" नाही म्हटलं. "मग मास्तरचंच चुकलं. तिसऱ्यांदा छडी घ्यायची." आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होती.

वेम्बलीची_पोर
ताई, टोमॅटो की ढोबळी? आई कोणाकडून?

लेस्टरवाली
वहीत सगळा हिशोब आहे. टोमॅटो ४१, मिरची ३८. आणि एका ठिकाणी "आज कोणीच नाही, दोघांनी नासवलं."

फक्त_वाचक
सहा महिने मोजले?? काकू ग्रेट.

क्रॉयडनकर
विषय निघालाच आहे तर, लेस्टरला ज्वारीचं पीठ ताजं कुठे मिळतं? इथलं कडू निघतं. पुढच्या शनिवारी येतेय.

लेस्टरवाली
बेलग्रेव्ह रोडला बघ, पण पाकिटावरची तारीख वाचून घे. आणि येतेस तर घरीच ये की. फोन कर, फक्त साडेचारला नको.