फोनला लावायचा डॅक: पाच हजारांच्या आत कुठला घ्यावा?

पेटीचा_सूर, डिचोली

नमस्कार मंडळी. थोडे सविस्तर लिहितो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल.

माझे वडील गावच्या देवळात भजनाला पेटीवर बसायचे. त्यांच्या काळातल्या चौदा कॅसेट घरात होत्या. बुरशी लागायच्या आत त्या सगळ्या मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या आणि १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या फ्लॅक (आवाजातले काही न गाळता साठवणाऱ्या) फाइली करून ठेवल्या. लॅपटॉपला वायरचे इअरफोन लावून ऐकले तेव्हा पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. त्या दिवसापासून रोज येता-जाता तेच ऐकावे असे वाटते. डिचोली ते पणजी कदंबाच्या बसने जातो, दोन्ही वेळचा मिळून बराच वेळ हाती असतो.

अडचण अशी की नव्या फोनला हेडफोनचे भोक नाही. म्हापशाच्या एका दुकानातून टाइप-सीचा साडेतीन एमएमवाला अडॅप्टर घेतला, दीडशे रुपयांना. तो लावला तरी आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येतो. दुकानदार म्हणतो फोन बिघडलाय, फोन दुरुस्त करणारा म्हणतो अडॅप्टर बिघडलाय. ब्लूटूथच्या बड्सवर ऐकून पाहिले, पण कॅसेटची मूळची सळसळ त्यावर पाण्यात बुडवल्यासारखी लागते आणि पेटीच्या वरच्या स्वरांना ती चिकटून येते.

बाहेरचा डॅक लावला तर खरेच फरक पडतो का? ५,००० रुपयांपर्यंत खर्च करीन. इअरफोन ३२ ओहम रोधाचे आहेत, माइकवाले. त्यावरून फोनवर बोलताही आले पाहिजे.

तार_षड्ज, फोंडा

तुमचा फोन ठीक आहे, आणि अडॅप्टरही बहुधा ठीक आहे. फक्त जोडी चुकली आहे.

फाइलीत असतात ते आकडे. इअरफोनला लागते ती विजेची चढउतार. आकड्यांवरून ती चढउतार तयार करणारी चिप म्हणजे डॅक, आणि त्यामागे इअरफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देणारा छोटा अँप. भोक असलेल्या फोनमध्ये हे दोन्ही आतच असायचे. भोक गेल्यावर काही कंपन्यांनी टाइप-सीच्याच पिनांवरून तयार अ‍ॅनालॉग आवाज बाहेर काढला. तशा फोनसाठी जो अडॅप्टर मिळतो तो म्हणजे नुसती वायर, त्यात चिप नसते. पुष्कळ फोन मात्र त्या वाटेने फक्त आकडे सोडतात. अशा फोनला नुसती वायर लावली तर पलीकडे कुणी आहे हेच त्याला कळत नाही आणि तो आपला स्पीकर चालू ठेवतो. तुमचे हेच झाले आहे.

खात्री करायची असेल तर तो अडॅप्टर लॅपटॉपच्या टाइप-सी भोकात लावा. आत चिप असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये एक नवे उपकरण दिसेल. काहीच दिसले नाही तर ती वायर आहे. दुकानात घेतानाही हीच परीक्षा करावी, कारण खोक्यावर दोन्हींचे चित्र सारखेच असते.

म्हणजे तुमच्या बाबतीत डॅक ही चैन नाही. त्याच्याशिवाय वायरचा इअरफोन वाजणारच नाही.

रायबंदर_फेरी

आणखी एक पाहा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बाहेरचे उपकरण जोडू देणारे ओटीजी नावाचे बटण सेटिंगमध्ये वेगळे चालू करावे लागते, आणि दहा मिनिटे काही जोडलेले नसेल तर ते आपोआप बंद होते. नवा डोंगल (फोनला लावायचा हा छोटा डॅक) आणाल आणि तोही मुका राहिला तर आधी तिथे बघा, परत पाठवायची घाई करू नका.

मांडवीपार, बेती

ही दोन वर्षे मी एवढ्याच खटपटीत आहे, म्हणून नावे घेऊन सांगतो.

सगळ्यात स्वस्त आणि चोख म्हणजे मोबाइल कंपन्यांचेच बोटभर अडॅप्टर. अ‍ॅपलचा टाइप-सी अडॅप्टर दिसायला वायरचा तुकडा, पण त्याच्या टोकात खरा डॅक आहे, २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत चालतो आणि माइकही चालतो. आयफोन १५ पासून पुढच्या फोनला, मॅकला, लॅपटॉपला डोळे मिटून घ्यावा. अँड्रॉइडवर मात्र एक गोम आहे: पुष्कळ फोन त्याच्या आतला आवाजाचा काटा पूर्ण वर नेत नाहीत, त्यामुळे फोनचा आवाज शंभर टक्के केला तरी बारीकच लागतो. यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो या अ‍ॅपमधून तो काटा वर नेता येतो, पण फक्त त्या अ‍ॅपपुरता. तुम्ही अँड्रॉइडवाले असाल तर सॅमसंगचा चिपवाला अडॅप्टर बघा, तो इतर कंपन्यांच्या फोनवरही चालतो. दोन्हींच्या नकला बाजारात ढिगाने आहेत, तेव्हा पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका.

त्याच्या वरची पायरी म्हणजे फिओचा केए११. अगदी चिमुकला, आत सिरस लॉजिकची सीएस४३१३१ चिप, आणि जोर अडॅप्टरपेक्षा कितीतरी जास्त. त्याहून वर मूनड्रॉपचा डॉन प्रो आणि आयबासोचा डीसी०३ प्रो. दोघांतही हीच चिप दोन-दोन आहेत आणि आवाज कमी-जास्त करायला डोंगलवरच बटणे आहेत. बसमध्ये फोन खिशात असताना या बटणांची किंमत कळते. डॉन प्रोला ४.४ एमएमचे बॅलन्स्ड भोकही आहे, पण तुमच्या इअरफोनला त्याचा उपयोग नाही.

घेण्याआधी विक्रेत्याला एवढे जरूर विचारा की माइक चालतो का. संगीतासाठी केलेल्या कित्येक डोंगलांत माइकची वाटच ठेवलेली नसते. समोरच्याला तुमचा आवाज मग फोनच्या माइकमधून जातो, आणि फोन खिशात असेल तर त्याला कापडाची घासाघीसच ऐकू येते.

सांजवेळ, मडगाव

मी हेडफोनवाल्यांच्या बाजूने बोलते. माझ्याकडे सेन्हायझरचा एचडी ६०० आहे, ३०० ओहमचा. घरी रात्री त्यावर ख्याल ऐकते. सुरुवातीला साधा अडॅप्टर लावला होता. आवाज येत होता, पण विलंबितात गायक हळू सुरात गेला की हात आपोआप वर आणि काटा संपलेला.

हिशेब सोपा आहे. १ व्होल्ट देणारा अडॅप्टर ३२ ओहमला साधारण ३१ मिलिवॉट देतो. तोच १ व्होल्ट ३०० ओहमला जेमतेम ३.३ मिलिवॉट. व्होल्ट दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलनी वाढतो. म्हणून जाड ओहमच्या हेडफोनला २ व्होल्ट किंवा जास्त देणारा डोंगल हवा. पण पेटीच्या_सूर दादांचे इअरफोन ३२ ओहमचे, त्यांना ३१ मिलिवॉट खूप झाले. भरमसाट जोराचा डोंगल बारीक इअरफोनला लावला तर उलट काट्याच्या पहिल्या दोन-तीन घरांतच आवाज मोठा होतो आणि शांत जागी मागे सूं ऐकू येते.

एक काळजीची गोष्ट. बसच्या गोंगाटात आपण नकळत आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. कानात घट्ट बसणारी रबरी टोपी घ्या, बाहेरचा आवाज अडला की कमी आवाजात जास्त ऐकू येते. डॅकपेक्षा या टोप्यांनी माझा प्रवास जास्त सुधारला.

तानपुरा_मागे, पणजी

माझे मत जरा वेगळे आहे आणि ते मी मनापासून मांडतो. डॅक घ्या, पण त्याच्याकडून काय मागायचे ते ठरवून घ्या.

केरीच्या गायिका केसरबाई केरकरांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर त्यांची भैरवी आकाशात गेली, ती मूळची साडेतीन मिनिटांची. त्या तबकड्यांवर जेवढे उमटले तेवढेच आज आपल्यापाशी आहे. १९२ किलोहर्ट्झचा डॅक लावून त्यात एक स्वरही वाढत नाही. कॅसेटचेही तसेच. सीडीच्या १६ बिटांत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचे अंतर मावते. साध्या कॅसेटला ५० ते ६० मिळाले तरी पुष्कळ. तुमच्या फाइली आहेत त्याच पुरेशा आहेत, आणि त्या ओतायला कुठलाही नीट बांधलेला डॅक पुरेसा आहे.

मग चांगला डॅक काय देतो? आपल्याकडून काही मिसळत नाही, एवढेच. खरखर नाही, सूं नाही, फोनने नेटवर्क शोधले की होणारी टर्र-टर्र नाही. ही शेवटची तक्रार स्वस्त, आवरण नसलेल्या डोंगलांत हमखास असते. डोंगल फोनच्या पाठीला चिकटवून ठेवू नका, विमान मोड लावून ऐका, फरक लगेच कळेल.

दोन डोंगलांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करा. किंचित मोठा वाजणारा कानाला नेहमी जास्त स्वच्छ वाटतो. मी स्वतः यात फसलो आहे. महागडा डोंगल महिनाभर श्रेष्ठ मानला, आणि आवाज जुळवून मुलाला न सांगता बदलायला लावले तेव्हा दहापैकी दहा वेळा गोंधळलो.

तुमच्या ब्लूटूथच्या तक्रारीत मात्र पूर्ण तथ्य आहे. सीडीला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवण्याची साधी पद्धत म्हणजे एसबीसी, तो वरच्या टोकाला ३२८ च्या आसपास थांबतो. उरलेले टाकून देताना सळसळीसारखा विस्कटलेला आवाज त्याला सर्वांत अवघड जातो, म्हणूनच ती बुडाल्यासारखी लागते. एलडॅक ही तशीच दुसरी पद्धत, तो ९९० पर्यंत जातो, पण त्यासाठी फोन आणि बड्स दोन्हींत तो हवा.

पेटीचा_सूर, डिचोली

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री लॅपटॉपला तो अडॅप्टर लावून पाहिला. काहीच दिसले नाही. वायरच होती. एवढे दिवस मी फोनला दोष देत होतो.

अजून दोन शंका. अँड्रॉइड सगळे ४८ किलोहर्ट्झला बदलून सोडतो असे ऐकले, माझ्या फाइली ४४.१ च्या आहेत, त्याने बिघडेल का? आणि बॅटरी किती खाईल?

तार_षड्ज, फोंडा

बदलतो, हे खरे. पण हे रूपांतर आता इतके नीट होते की कॅसेटच्या आवाजात ते ऐकू येणे कठीण. मनाला लागून राहत असेल तर मांडवीपार यांनी सांगितलेले तेच अ‍ॅप अँड्रॉइडला वळसा घालून डोंगलशी थेट बोलते. अँड्रॉइड १४ पासून तर अशी न बदललेली वाट अ‍ॅपांना अधिकृतपणे खुली झाली आहे, ती वापरायची की नाही हे अ‍ॅप बनवणाऱ्यावर.

बॅटरी डोंगल फोनचीच खातो. एका चिपचा छोटा असेल तर जाणवत नाही, दोन चिपांचे तास-दोन तासांनी कोमट होतात. ऐकणे झाले की काढून ठेवा.

खाजनकाठ, कुंभारजुवे

पावसाचे कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली ओल आणि वर्षभराचा खारा वारा, दोन्ही या टाइप-सीच्या बारीक पिनांचे वैरी. माझ्या पहिल्या डोंगलच्या पिनांवर हिरवट थर आला आणि गाणे मधेच तुटायला लागले. आता झाकणाच्या छोट्या डबीत सिलिकाची पुडी टाकून त्यात ठेवतो. छत्री मिटून बसमध्ये चढल्यावर हात पुसल्याशिवाय डोंगल लावत नाही. आणि शक्यतो वायर सुटी होणारा मॉडेल घ्या. मोडते ती वायर, खिशात वाकून वाकून. ती दोनशे रुपयांत बदलता आली तर डोंगल वाचतो.

मांडवीपार, बेती

दादा, विकत घ्यायच्या आधी ऐकून बघा. शनिवारी संध्याकाळी मी कांपालला कला अकादमीपाशी येणार आहे. साधा चिपवाला अडॅप्टर, केए११ आणि डॉन प्रो तिन्ही आणतो. तुमचा फोन, तुमचे इअरफोन, तुमच्याच फाइली. घाई करू नका.

पेटीचा_सूर, डिचोली

शनिवारी भेट झाली. मांडवीपार यांनी दीड तास दिला, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. आवाज जुळवून तिन्ही ऐकले. माझ्या इअरफोनवर अडॅप्टर आणि केए११ यांत मला फरक सांगता आला नाही. डॉन प्रोची बटणे आवडली, पण माझ्या कामाला तो जास्त आहे. चिपवाला सॅमसंगचा अडॅप्टर घेतला, बिलासकट. बोलणेही नीट होते. उरलेल्या पैशांतून सांजवेळ ताईंनी सांगितलेल्या रबरी टोप्यांचे दोन आकार आणि एक डबी.

सकाळच्या बसमध्ये नववी कॅसेट लावली. एका अभंगानंतर वडील पखवाजवाल्याला हळूच काहीतरी सांगतात, ते शब्द इतके दिवस निसटत होते. आता एवढे कळते की ते सूर चढवायला सांगत आहेत.

पण त्याच कॅसेटची दुसरी बाजू मंद लागते, झांजा कापडात गुंडाळल्यासारख्या. तिन्ही डॅकवर तशीच लागली, म्हणजे दोष माझ्या उतरवण्यातच आहे.

तार_षड्ज, फोंडा

कॅसेट डेकच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, कोन. टेपच्या मानाने हेड किंचित तिरके असले की वरचे सूर आधी जातात. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी केसभर फिरवत जा, झांज जिथे सर्वांत लख्ख लागेल तिथे थांबा, आणि ती बाजू पुन्हा उतरवा. चुंबक लागलेला स्क्रूड्रायव्हर हेडजवळ नेऊ नका. डेक धड चालत नसेल तर माझ्याकडे एक आहे, फोंड्याला घेऊन या.