दोन लेकरांसाठी बाबागाडी कशी निवडावी?

प्रश्न : माझी मुलगी ३ वर्षांची असून धाकटा ५ महिन्यांचा आहे. दिवाळीत नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जायचे आहे. जोड बाबागाडी शेजारी-शेजारी आसनांची घ्यावी की मागेपुढे आसनांची, याबाबत अनुभवी पालकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : ताई, शेजारी-शेजारी आसनांची गाडी साधारणतः ७५ सेंटिमीटर रुंद असते. आम्ही हौसेने तीच घेतली आणि सीताबर्डीच्या गर्दीत ती वळवताच येईना, तेव्हा दोन्ही मुलांना कडेवर घेऊन रिकामी गाडी ढकलत परतलो! मागेपुढे आसनांची गाडी अरुंद असली तरी लांब असते, त्यामुळे पायरीवर पुढची चाके उचलणे जड जाते.

प्रतिसाद २ : ५ महिन्यांच्या बाळाला पाठ जवळजवळ आडवी होणारे आसनच हवे, ती सोय नसेल तर बाकी गुण व्यर्थ. शिवाय रेल्वेच्या डब्यात गाडी घडी घालूनच ठेवावी लागेल, म्हणून घडीची जाडी आणि वजन दुकानातच स्वतः उचलून पाहावे. मुलगी चालत असेल, तर एकेरी गाडीला मागे उभे राहण्याची फळी जोडणे मला अधिक व्यवहार्य वाटते.

प्रश्नकर्ती : आमच्या लिफ्टचे दार आत्ताच मोजले, ते ७० सेंटिमीटर भरले. फळीचाच विचार करते.