शब्दचर्चा : ‘सजीव वचन’, ‘जिवंत शिक्षक’ आणि ‘गुरू’

प्रश्न : ‘बायबल हा ख्रिस्ती माणसाचा जिवंत शिक्षक आहे’ अशा अर्थाची वाक्ये ख्रिस्ती लेखनात वारंवार आढळतात. ग्रंथाला ‘जिवंत’ म्हणणे हा केवळ अलंकार समजावा, की त्यामागे काही निश्चित अर्थ आहे? तसेच ‘शिक्षक’ऐवजी ‘गुरू’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : या प्रयोगाचा मुख्य आधार नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (4:12) आहे. तेथे देवाचे वचन ‘सजीव’, ‘सक्रिय’ आणि दुधारी तलवारीपेक्षा तीक्ष्ण असल्याचे म्हटले आहे. हे वाक्य बहुधा सुटे उद्धृत केले जाते, त्यामुळे ‘सजीव’ हे विशेषण कोणत्या ओघात आले ते ध्यानात येत नाही. आधीच्या अध्यायापासून पत्रलेखक 95 व्या स्तोत्रातील ‘आज जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल, तर आपली मने कठीण करू नका’ या ओळींचा अर्थ उलगडत आला आहे. स्तोत्र जुने, त्यात आठवलेला, इस्राएल लोकांनी अरण्यात देवाविरुद्ध मने कठीण केल्याचा प्रसंग त्याहून जुना. तरीही ते उद्धृत करताना तो ‘पवित्र आत्मा म्हणतो’ असा वर्तमानकाळ वापरतो आणि स्तोत्रातला ‘आज’ आपल्या वाचकांचा ‘आज’ मानतो. वचन सजीव आहे याचा अर्थ येथे असा की ते पूर्वी बोलले गेले असले तरी त्याचे बोलणे अजून चालूच आहे. मराठीत आपण ‘जिवंत झरा’ म्हणतो तेव्हा साठवलेले पाणी अभिप्रेत नसते. या विशेषणाचा रोखही तोच आहे.

पत्रातील याच वाक्यात पुढे ‘परीक्षक’ हा शब्द येतो, आणि मला तो ‘सजीव’ इतकाच महत्त्वाचा वाटतो. मनातील विचार आणि हेतू वचन पारखते. लगेच पुढच्या वाक्यात सर्व काही देवाच्या दृष्टीसमोर उघडे असल्याचे सांगितले आहे. वाचक ग्रंथ तपासायला बसतो आणि स्वतःच तपासला जातो. हा अनुभव नसेल तर ‘जिवंत शिक्षक’ हे शब्द पोकळच राहतील. ‘सजीव’ आणि ‘जिवंत’ यांपैकी बोलण्यात मी ‘जिवंत’ पसंत करीन, कारण ‘सजीव’ म्हणताच ‘सजीव-निर्जीव’ ही शास्त्राच्या पुस्तकातील जोडी आठवते.

दुसरे उत्तर : ‘शिक्षक’ या शब्दाला तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा (3:16) भक्कम आधार आहे. शास्त्रलेख सद्बोध, दोष दाखवणे, सुधारणूक आणि नीतिशिक्षण यांसाठी उपयोगी आहे, असे तेथे म्हटले आहे. यांतील मधली दोन कामे नुसत्या माहितीच्या पुस्तकाकडून होत नाहीत. चूक दाखवून विद्यार्थ्याला पुन्हा उभे करणे हे शिक्षकाचेच काम आहे.

‘गुरू’ मात्र जपून वापरावा. शीख परंपरेत ग्रंथसाहिबालाच गुरूचे स्थान आहे. ख्रिस्ती विचारात ते स्थान व्यक्तीचे, म्हणजे ख्रिस्ताचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (23:8) येशू शिष्यांना स्वतःस गुरू म्हणवून घेऊ नका, कारण तुमचा गुरू एकच आहे, असे बजावतो. योहानाच्या शुभवर्तमानात (14:26) शिकवण्याचे काम पवित्र आत्म्याकडे आहे. म्हणून बायबल शिकवते ते त्या गुरूच्या वतीने, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

पुरवणी प्रश्न : मग वाचकाला माणसाच्या मार्गदर्शनाची गरजच उरत नाही का?

उत्तर : तसा अर्थ काढता येणार नाही. प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय 8) रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचणाऱ्या कूशी (कूश देशाच्या) अधिकाऱ्याला ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारा फिलिप्प विचारतो, ‘जे वाचत आहात ते समजते का?’ त्यावर कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार, असे तो अधिकारी म्हणतो आणि फिलिप्पाला रथात शेजारी बसवून घेतो. अर्थ लावण्यात चर्चच्या परंपरेला किती अधिकार द्यावा याविषयी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात मतभेद आहेत. परंतु कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये संमत केलेल्या ईश्वरी प्रकटीकरणावरील दस्तऐवजातही चर्चचा शिकवण्याचा अधिकार वचनाच्या वर नसून वचनाच्या सेवेसाठी आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. फिलिप्पही रथात बसल्यावर त्याच शास्त्रभागापासून बोलायला आरंभ करतो.