बोरघाटातली रेल्वे बांधायला इंग्रज इंजिनिअर इतक्या लांब का आले?

डोंगरवेडा: राज्य इंग्रजांचं होतं, ते ठीक. पण १८५० च्या सुमारास एखादा इंजिनिअर घरदार सोडून इथल्या पावसात आणि पटकीत स्वतःहून कशाला येईल?

सदाशिवपेठी: पगार. अजून काय!

घाटसेक्शन: माझी नोकरी कर्जत-लोणावळ्याचे रूळ सांभाळण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो. पगार होताच हो, पण आधी तिकडची अवस्था बघा. १८४५-४७ मध्ये इंग्लंडात रेल्वे शेअर्सचं वेड होतं. मग बाजार कोसळला, मंजूर झालेले कितीतरी मार्ग कागदावरच राहिले आणि कामं आटली. नेमकं १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या, म्हणजे हा मार्ग बांधणाऱ्या कंपनीच्या, भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली. तूट आली तर भरणार इथली रयत! लंडनच्या पैसेवाल्याला घोर नाही.

संचालक लंडनचे, तेव्हा माणूसही त्यांच्या ओळखीतलाच. सल्लागार होता तिकडचा नामांकित रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन. त्याच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली तिशीतच मुख्य इंजिनिअर होऊन १८५० मध्ये मुंबईत उतरला. तिकडे या पदासाठी केस पिकले असते.

आणि काम तरी कसलं! बोरीबंदर-ठाणे २१ मैल, ते त्यामानाने सोपं. घाटात मात्र पंधरा मैलांत १,८३१ फूट चढायचं, पंचवीस बोगदे, कुठे कुठे सदतिसाला एक चढ, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आजही मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावल्याशिवाय मालगाडी वर जात नाही. असं काम नावावर असलं की लंडनच्या इंजिनिअरांपुढे निबंध वाचायचा मान मिळतो. बर्कलीने १८६० मध्ये तो वाचला. १८६३ मध्ये घाट सुरू झाला, तो बघायला मात्र तो नव्हता. आदल्याच वर्षी गेला.

डोंगरवेडा: आपलं कोणीच नव्हतं का?

घाटसेक्शन: होते की. जमशेटजी दोराबजींनी जीआयपीचे ठेके घेतले होते. पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला १८५४ मध्ये, तोही सरकारी बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवीत म्हणून. आणि घाट फोडणारे हात तर सगळे इथलेच, १८६१ मध्ये ४२ हजारांवर. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून त्यांनी दंगा केला, ठेकेदार फॅव्हिएलने काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला. ठेका त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, चालू ठेवला आणि दोन इंजिनिअर हाताशी धरून काम पुरं करून घेतलं.