उसनवारीत तारीख पक्की करा
‘उसने दिले की पैसाही जातो आणि माणूसही’ असं बरेचजण म्हणतात. पैशाचं पटलं. माणूस मात्र बहुतेक वेळा मोघम बोलण्यापायी जातो. ‘गड्डा झाला की देतो’ हे आपल्या सोलापुरातलं ठरलेलं वाक्य. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. ती जानेवारीत होते, पाळणे उतरतात, पण घेणाऱ्याच्या मनातला गड्डा बहुधा पुढच्या वर्षीचा असतो! मग नवी पेठेत समोरून दिसला की गडी गल्ली बदलतो. दरवेळी नियत वाईट असते असं नाही, लाज साठत जाते आणि फोन उचलणं बंद होतं.

म्हणून हप्ता लहान ठेवा. १२,००० एकदम मागण्यापेक्षा पगाराच्या दुसऱ्या दिवशी १,०००. चुकला तर त्याच आठवड्यात विचारा. वर्षभर गप्प बसून लग्नाच्या पंगतीत विषय काढणाऱ्याला रक्कमही मिळत नाही आणि जेवणही गोड लागत नाही.

२०,००० किंवा जास्त रक्कम रोखीत देऊ-घेऊ नका, आयकराचा नियम आहे. बँकेतून दिली की पुरावाही राहतो. परतीची तारीख ठरली नसेल तर दाव्याची मुदत साधारण दिल्या दिवसापासून ३ वर्षं. ती संपण्याआधी घेणाऱ्याने बाकी लेखी मान्य करून सही केली, तर तिथून नव्याने ३ वर्षं. ‘आपल्यात कशाला कागद?’ म्हणणाऱ्याकडून तर आधी घ्या.

आपल्याकडे द्यायला पैसे नाहीत म्हणून त्याच्यासाठी पतसंस्थेत जामीन राहणं हा त्याहून महागडा भिडस्तपणा. वसुली थेट जामीनदाराकडूनही करता येते.