रात्री मळ्यातल्या घरात शिरलेला माणूस झटापटीत मेला, तर पुढं काय?

ऊसमळा_करवीर:
आमच्याकडं मळ्यात घरं सुटी सुटी, शेजार हाकेपलीकडं. रात्री कोणी कडी तोडून कोयता घेऊन शिरला आणि घरच्या माणसाच्या हातून मेला, तर खुनाचा गुन्हा लागतो का? आणि त्या माणसाच्या मनाचं काय? जाणकारांनी सांगावं.

बावडा_फौजदारी:
बहुतेक वेळा लागतो. स्वसंरक्षण होतं की नाही ते शेवटी कोर्ट ठरवतं, त्यामुळं अटक होऊ शकते हे धरूनच चाला. अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करावं लागतं. ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. सेशन्सनं जामीन नाकारला तर आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

खरी केस पहिल्या दोन तासांत घडते किंवा बिघडते. ११२ ला फोन करा, जखमीसाठी ॲम्ब्युलन्स मागा. रक्त पुसू नका, कोयता उचलू नका, तुटलेली कडी तशीच राहू द्या, कारण पंचनाम्यात तीच तुमच्या बाजूनं बोलते. तळहातावर, कोपराखाली वार झेलल्याच्या खुणा असतील तर सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) एकूण एक लिहून घ्या, साधा ओरखडासुद्धा. मुका मार आठवड्यात पुसट होतो, मग सांगून पटत नाही.

पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, पण व्हॉट्सॲपवर पाव्हण्याला पाठवलेला ‘मीच मारला’ हा मेसेज ठरू शकतो. इथं फार जण फसतात.

राजारामपुरीकर:
पण रात्री घरफोडी करणाऱ्याला मारायची मुभा कायद्यातच आहे ना?

बावडा_फौजदारी:
भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये सूर्यास्तानंतरची घरफोडी आहे, बरोबर. पण कलम ३७ सोबत वाचा: बचावाला लागेल तेवढंच बळ. तो पडला, हत्यार सुटलं, पळत सुटला, आणि त्यानंतर वार झाला, तर हक्क सहसा तिथंच संपतो. शवविच्छेदनात पाठीवरच्या जखमा निघाल्या की सरकारी वकील नेमकं हेच विचारणार. सद्भावनेनं, सूड म्हणून नव्हे, मर्यादा ओलांडली गेली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाकडं, म्हणजे कलम १०५ कडं, प्रकरण वळू शकतं. शिक्षा तिथंही मोठी असू शकते.

स्वसंरक्षण दाखवायचं ओझं आरोपीवर असतं, मात्र निर्विवाद सिद्ध करावं लागत नाही. तसं घडलं असण्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरतं. भीतीच्या क्षणी घातलेला वार सोन्याच्या काट्यावर तोलू नये, हे सुप्रीम कोर्टानं दर्शनसिंग निकालात (२०१०) मान्य केलंय.

मनोमित्र_कोल्हापूर:
मनाचं सांगतो. झोप उडणं, दाराच्या आवाजानं दचकणं, तोच क्षण डोळ्यांपुढं येणं, जेवणाची वासना जाणं, हे सुरुवातीला होतंच. महिन्यानंतरही ओसरलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. कायद्यानं निर्दोष ठरलेल्यालाही अपराधी वाटतं, त्याला ‘तू बरोबरच केलंस’ म्हणून गप्प करू नका. दारूनं झोप लागते असं वाटतं, पण ती तुटक लागते आणि भीती वाढते. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

ऊसमळा_करवीर:
मन मोकळं करावं तर तेच साक्षीत येईल ना?

बावडा_फौजदारी:
भीती, झोप, रडू हे कुणाकडंही बोला. त्या रात्री काय क्रमानं घडलं ते मात्र फक्त वकिलाकडं, ते बोलणं कायद्यानं गोपनीय आहे. भाऊ, मित्र यांना साक्षीला बोलावता येतं. खिसा रिकामा असेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, १५१०० वर फोन करा.

मनोमित्र_कोल्हापूर:
पोरांनी पाहिलं असेल तर त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. त्या खोलीत लगेच झोपवू नका. काही दिवस आजीकडं ठेवलं तरी शाळा तीच राहू द्या.