लेप्टिन: उपासमार आणि टी-पेशी यांमधील दुवा

कुपोषणात रोगप्रतिकारशक्ती घटते ती केवळ प्रथिने व जीवनसत्त्वे कमी पडल्यामुळे, असे म्हटले जाते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ज्याचे जनुक शोधले, ते मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन सुरुवातीला केवळ भूक आवरणारे संप्रेरक म्हणून ओळखले गेले. मात्र १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, उपासमारीमुळे मंदावलेला टी-पेशींचा (संसर्गाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) प्रतिसाद बाहेरून लेप्टिन दिल्यास सुधारतो.

यामागचे कारण मला विशेष उद्बोधक वाटते. सक्रिय झालेल्या टी-पेशीला झपाट्याने विभाजित होण्यासाठी भरपूर ग्लुकोज लागते, आणि ते आत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनांची वाढ होण्यास लेप्टिनचा संकेत मदत करतो. मेदाचा साठा आटला की हा संकेतही क्षीण होतो. म्हणजे शिल्लक पाहूनच खर्चाला मंजुरी मिळते. जन्मतः लेप्टिन नसलेल्या मुलांमध्येही टी-पेशींची संख्या व कार्यक्षमता लेप्टिनच्या उपचारांनंतर सुधारल्याचे दिसले आहे.

तरीही लेप्टिनला सरसकट ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ म्हणू नये (ही विशेषणे जाहिरातींनी पुरेशी झिजवली आहेत). ते दाह (इन्फ्लमेशन) वाढवणाऱ्या टी-पेशींना चालना देते आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशींच्या वाढीला लगाम घालते, त्यामुळे स्थूलतेत त्याची वाढलेली पातळी सौम्य पण दीर्घकालीन दाहाला हातभार लावते.